पाणी चढेपर्यंत

आधी तिथी बघा, घड्याळ नंतर. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ अजूनही बोटांवर काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता भरती पुरी. द्वितीया असेल तर दीड वाजता. मग सकाळची ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सव्वासातच्या सुमाराला. गावागणिक हा हिशेब थोडा मागेपुढे होतो, म्हणून तासभर आधीच पोचा. अमावास्या किंवा पौर्णिमा होऊन एक-दोन दिवस गेलेले असावेत. उधाणाचं पाणी जसं जास्त चढतं तसं जास्त उतरतंही, आणि आपल्याला जे बघायचंय ते एरवी पाण्याखालीच असतं. महिना मार्गशीर्ष किंवा पौष.

जागा मी मालवणची धरतो, कारण मला तीच ठाऊक आहे. तुमची वेगळी असेल तर ती धरा. रत्नागिरीकडचा कातळ चालेल, गोव्यात हणजुण्याचा चालेल. वाळूचा किनारा मात्र नको. पाण्यात उतरत गेलेला, खाचाखोचांचा कातळ हवा.

चपला काढू नका. कातळावर कालवांच्या शिंपा चिकटलेल्या असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. समुद्राकडे पाठ करून बसू नका. उकिडवंही बसू नका, पंधरा मिनिटांत पायांना मुंग्या येतात. एखादा कोरडा उंचवटा बघून नीट मांडी ठोका, आणि ओहोटीनं मागे ठेवलेलं, गुडघाभर खोल, पलीकडून फटीतून समुद्राला जोडलेलं असं एखादं डबकं समोर घ्या. जरा अंतरावर बायका कालवं काढत असतील. त्या तुमच्याकडे एकदा बघतील, हा इथे काय करतोय असं त्यांच्या मनात येईल आणि त्या पुन्हा खाली वाकतील. मला त्यांच्यातल्या एकीनं पहिल्या वर्षी सांगितलं होतं, ‘थंय पाय ठेव नको रे, घसरतलस.’ मी ठेवला. डाव्या ढोपरावर त्याची खूण आहे.

आता डबक्यात बघा.

पहिल्यांदा काहीच दिसणार नाही. म्हणजे दिसेल ते बघावंसं वाटणार नाही. चहाच्या चोथ्याच्या रंगाचा, ओल्या काथ्यासारखा गुंता पाण्यात लोळतोय. थोडा पिवळट, थोडा तपकिरी, काही टोकं काळवंडलेली. किनाऱ्यावर वाहून आलेलं, कुजत पडलेलं, ज्यावरून आपण नाक मुरडून उडी मारतो, तेच हे. शेवाळ. आमच्याकडे एवढ्या एका शब्दात सगळं बसतं, विहिरीच्या पायरीवरचं हिरवं बुळबुळीतही आणि हेही. पहिली पाच मिनिटं कंटाळ्याची असतात. ती जाऊ द्या.

मग फटीतून एक लाट आत येते. लाट कसली, लाटेचा उरलेला दम. सगळा गुंता एका अंगाला कलतो, अगदी आडवा होतो आणि क्षणभर तसाच राहतो. पाणी मागे जातं, तोही मागे येतो. पुन्हा कलतो. असल्या वेळी आपला श्वास त्या लयीशी जुळवा असं सांगायची पद्धत आहे. मी करून बघितलंय, जुळत नाही. समुद्र दोन लाटा भराभर पाठवतो आणि तिसरीला ताटकळत ठेवतो. तोवर आपण छाती फुगवून बसलेले. म्हणून जुळवू नका. तिकडे ते हलतंय, इकडे श्वास चाललाय, दोन्ही आपापल्या गतीनं, एवढंच लक्षात असू द्या.

काही वेळानं गुंत्यातली फांदी वेगळी दिसू लागते. एक मुख्य दांडी, तिला फांद्या, फांद्यांना पानं. चक्क पानं: लांबट, मधून शीर गेलेली, कडेला बारीक दाते. शास्त्रज्ञ त्यांना पानं म्हणायला कचरतात, आपण तूर्त म्हणू. एक पान न तोडता दोन बोटांत धरून उजेडाकडे करा. अंगभर बारीक ठिपके दिसतील, सुईनं टोचल्यासारखे. ती केसांची घरं आहेत. त्या प्रत्येक खळग्यातून डोळ्याला न दिसणाऱ्या केसांचा झुबका पाण्यात निघतो. पान सोडा. ते लगेच आपल्या जागी जातं.

याचं नाव सरगॅसम. तपकिरी शैवालांतली ही एक प्रजाती, तिच्यात साडेतीनशेच्या वर जाती. आपल्या किनाऱ्यावर त्यांतल्या काही मोजक्या. एकीचं लॅटिन नाव टेनेरिमम, म्हणजे अतिशय नाजूक. दुसरी इलिसिफोलियम, युरोपातल्या काटेरी पानांच्या एका झाडावरून नाव पडलेली. प्रजातीला हे नाव दिलं कार्ल आगार्ड या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं, 1820 मध्ये. हा गृहस्थ पुढे बिशप झाला. शेवाळ न्याहाळण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस धर्मपीठावर बसून काय सांगत असेल, हे ऐकायला मला आवडलं असतं. शब्द मात्र त्याचा नव्हे, पोर्तुगीज खलाशांचा: सरगासो. फांद्यांवरचे गोल मणी बघून त्यांना घरच्या कसल्याशा बारीक द्राक्षाची आठवण झाली, असं सांगतात.

ते मणी बघा. पानाच्या बगलेत, आखूड देठावर, मिरीच्या दाण्याएवढे, कुठे तुरीएवढे. एकच मणी निवडा आणि नजर त्यावर ठेवा.

आत हवा आहे. ती वरून आत शिरलेली नाही, शैवालानंच पेशींच्या भिंतींतून ती आत जमवली आहे. उन्हात ते अन्न करू लागलं की मण्यातला प्राणवायू वाढतो, रात्री घटतो. म्हणजे हा मणी रोज थोडा भरतो आणि थोडा ओसरतो. सकाळची वेळ आहे, ऊन नुकतं डबक्याच्या काठावर आलंय. भरण्याचं काम आता सुरू होत असणार. दिसत काहीच नाही. नुसतं बघत राहा. मणी बोटांनी फोडायचा मोह होईल. लहानपणी आम्ही तो शेकडो वेळा पुरवलाय, फट्ट असा छोटा आवाज येतो. आज राहू द्या.

हे फुगे कशासाठी, तर उभं राहण्यासाठी. या शैवालाला लाकूड नाही. खोडात ताठपणा असा नाहीच. पाणी उतरलं की ते कोसळतं, आत्ता पडलंय तसं. पाणी चढलं की शेकडो मणी त्याला वर ओढतात आणि ते उजेडाच्या दिशेनं उभं राहतं.

आता नजर खाली न्या. दांडी धरून सावकाश खाली, पानं बाजूला करत. बुडापाशी या.

इथे थोडं जास्त थांबायचं आहे.

बूड म्हणजे कातळावर पसरलेली एक चकती. कुठे रुपयाएवढी, कुठे त्याहून लहान, कडेला वेडीवाकडी. रंग जवळजवळ दगडाचाच. बोट लावून बघा. लाट येते तेव्हा वरचा सगळा पसारा ओढला जातो आणि तो ताण इथे येऊन संपतो. चकती हलत नाही. आपण म्हणणार, हे त्याचं मूळ. मीही कित्येक वर्षं तेच म्हणत होतो.

पण ते मूळ नाही. मूळ जमिनीत शिरतं, पाणी पितं, क्षार ओढतं, वर पाठवतं. ही चकती कातळात शिरत नाही आणि त्यातून एक थेंबही घेत नाही. तिचं काम धरून ठेवणं, बस्स. शैवालाला जे लागतं ते सगळं आजूबाजूच्या पाण्यात आहे, आणि ते घेतलं जातं अंगभर: प्रत्येक पानानं, दांडीच्या सालीनं, केसांच्या त्या बारीक खळग्यांतूनसुद्धा. कातळ त्याला खायला घालत नाही. कातळ नसेल तर मात्र लाट त्याला उचलून वाळूवर टाकेल.

झाडाच्या बाबतीत धरणं आणि पिणं एकाच ठिकाणी होतं. त्यामुळे आपल्या बोलण्यातही त्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. मूळ गाव, मूळ पुरुष, मुळं तुटली, मुळं रुजली. या सगळ्यात एक गृहीत आहे, की ज्यानं धरलंय तेच पोसतंय.

आमचं मालवणचं घर आता मला काही देत नाही. पूर्वी गाडीला पोत्यांतून तांदूळ यायचा, सोलं यायची, पाटावर वाळवलेली आंब्याची साठं यायची. शेत गेलं, आंब्याची दोन कलमं राहिली, ती धरतात तेव्हा माकडं धरतात. पगार मुंबईचा, औषधं डोंबिवलीची, मित्र तिकडचेच. गणपतीला जातो, पौषात एकदा हे डबकं बघायला जातो. चुलत भाऊ दर वर्षी विचारतो, विकूया काय रे आता? प्रश्न बरोबर आहे. हिशेबात त्या घराच्या नावापुढे नुसती कौलांची डागडुजी लिहिलेली असते. मी दर वेळी म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. का म्हणतो ते मला त्याला सांगता येत नव्हतं. अजूनही नीट येत नाही, पण या चकतीवर बोट ठेवून बसलो की निदान तेवढी घाई वाटत नाही.

तुमच्याकडे असं काय आहे, ते बघा. माणूस असेल, जागा असेल, संध्याकाळचा एखादा रिवाज असेल. ज्यातून काही मिळत नाही आणि तरी जे सुटलं तर वरचं सगळं वाहून जाईल. लगेच नाव ठेवू नका. दोन-चार लाटा जाऊ द्या.

समोर सिंधुदुर्ग आहे, मान वर केली की दिसतो. 1664 मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं. पायाच्या दगडांत शिसं ओतलं, हे आमच्याकडे शाळकरी पोरगंही सांगतं. पाण्यात दगड धरून ठेवायचा तर काय काय करावं लागतं त्याचा तो पुरावा. शैवालाचं बीज डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढं दिसेल असं. ते ओल्या, खारट कातळावर टेकतं आणि स्वतःच्या अंगातून डिंकासारखा स्राव सोडून चिकटतं. बाजारातला कुठलाही डिंक असल्या ओल्या दगडाला लावून बघा, मग या गोष्टीचं नवल वाटेल.

तसाच एक चिकट पदार्थ त्याच्या अंगभर असतो, पेशींच्या भिंतींत. त्याला अल्जिनेट म्हणतात. लाटेनं पिळवटूनही फांदी मोडत नाही, वाकते, ती त्याच्यामुळे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मंडपमच्या बाजूला, मच्छीमार हे शैवाल काढतात ते याच्याचसाठी. आइस्क्रीम गुळगुळीत राहावं म्हणून तो वापरतात, कापडावरच्या छपाईच्या रंगाला दाटपणा यावा म्हणून वापरतात. आणि दाताच्या डॉक्टरांनी कधी तुमच्या जबड्याचं माप घेतलं असेल, तोंडात गुलाबी लगदा दाबून ‘नाकानं श्वास घ्या’ म्हणाले असतील, तर तो लगदाही बहुधा त्याचाच. म्हणजे हे शेवाळ आपल्या तोंडात येऊन गेलंय. ओळख मात्र आज होतेय.

निघताना एखादी तुटून तरंगणारी फांदी मिळाली तर घरी न्या. रोवलेली उपटू नका. घरी काचेच्या पेल्यात ठेवा आणि वर कढत पाणी ओता. बघता बघता तपकिरी फांदी हिरवी होते. मी हे पहिल्यांदा काकीच्या चुलीपाशी केलं तेव्हा तिनं पदर सावरत पेला हातात घेऊन दाराच्या उजेडात नेला आणि कितीतरी वेळ फिरवून बघितला. हिरवा रंग आत होताच. त्याच्यावर फ्युकोझँथिन नावाच्या नारिंगी रंगद्रव्याचा पडदा होता. पाण्यात तांबडा उजेड लवकर विरतो, निळा-हिरवा खोलवर जातो. तो पकडायला हे रंगद्रव्य लागतं. त्याची जी जोडणी पाण्याखाली उपयोगी पडते, ती उष्णतेनं विस्कटते आणि मग हिरवा वर येतो. काकीचं म्हणणं वेगळं पडलं. ‘भाजयेसारख्याच दिसता,’ ती म्हणाली, आणि उरलेलं माडाच्या आळ्यात टाकून आली.

भाजीसारखं दिसतं, पण नात्यानं भाजीचं कुणी नाही. हे मला पचायला वेळ लागला, म्हणून तुम्हीही सावकाश घ्या. पान आहे, फांदी आहे, फळासारखा मणी आहे. तरी हे वनस्पतींच्या कुळातलं नाही. आंबा, गवत, नेचा, विहिरीतलं हिरवं शेवाळ ही एका बाजूची भावंडं. हे दुसऱ्याच घराण्यातलं. त्याचे जवळचे नातेवाईक पाण्यात तरंगणारे, काचेच्या डबीसारखं कवच असलेले एकपेशीय जीव. फार जुन्या काळी याच्या एका पूर्वजानं एक तांबडं शैवाल गिळलं आणि पचवलं नाही. ते आत राहिलं, उजेडावर अन्न करत राहिलं, पिढ्यान्‌पिढ्या. आजही त्याच्या हरितद्रव्याच्या कणाभोवती चार पापुद्रे सापडतात. घर बदलल्याच्या त्या खुणा. पान, दांडी, उभं राहणं हे सगळं त्यानं झाडाकडे न बघता, पाण्याखाली, आपलं आपण शोधून काढलं.

एकदा डोळे मिटा. मिटलेल्या डोळ्यांपुढे ते पान आणा, शीर आणि दाते आणि ठिपके. मग आंब्याचं पान आणा. शेजारी शेजारी ठेवा. डोळे उघडा.

पानांच्या बगलेत, मण्यांच्या शेजारी, बारीक कणसासारखे तुरे असतील. बीजं तिथे तयार होतात. अंडं बाहेर आलं तरी आईला सोडून जात नाही, तुऱ्याच्याच अंगाला बुळबुळीत स्रावात चिकटून राहतं. तिथेच त्याचं फलन होतं, तिथेच ते वाढू लागतं. मग सुटतं आणि बुडतं, बहुतेक वेळा आईपासून चार हातांवरच. एकेका कातळावर याची राई माजते ती त्यामुळे.

पण मग नवा कातळ कोण गाठणार? तो गाठतं तुटलेलं. माघ-फाल्गुनापासून फांद्या जीर्ण होतात, एखाद्या जोराच्या लाटेत निखळतात. मणी शाबूत असतात, म्हणून तुकडा बुडत नाही. तुऱ्यांवर बीजं असतील तर तीही त्याच्याबरोबर चालली. जपानकडची एक जात शिंपल्यांबरोबर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली, आणि 1973 मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट बेटावर रुजलेली आढळली. तिकडे तिनं असे हातपाय पसरले की लोक हैराण झाले. त्या पसरण्यात अशा तरंगत्या तुटक्या फांद्यांचा हात मोठा.

आणि दोन जाती अशा, की त्यांनी धरणंच सोडलं. नाटान्स आणि फ्लुइटान्स. दोन्ही नावांचा अर्थ पोहणं-तरंगणं एवढाच. त्यांना बूड नाही, बीज नाही. तुकड्याचा तुकडा होतो, तोच वाढतो. अटलांटिकमध्ये, चारी बाजूंना किनारा नसलेल्या सरगासो समुद्रात त्या कोण जाणे कधीपासून फिरताहेत. 1492 च्या सप्टेंबरात कोलंबसाच्या माणसांना हे तरंगतं शेवाळ दिसलं आणि वाटलं, जमीन आली. जमीन पुष्कळ लांब होती. शेवाळ म्हणजे कातळ जवळ, ही त्यांची समजूत आयुष्यभराच्या अनुभवातली होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं. 2011 पासून याच जातींचा एक अजस्र पट्टा आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत जवळजवळ दर वर्षी तयार होतोय. 2018 मध्ये त्याची लांबी 8,850 किलोमीटर भरली, वजन दोन कोटी टनांवर. कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवर त्याचे ढीग सडतात. त्यावर बोलण्यासारखं खूप आहे, पण आपण एका डबक्यापाशी बसलो आहोत. तिथेच राहू.

मे महिन्यात मी एकदा चुकून इथे आलो होतो. याच डबक्यात काहीच नव्हतं. कातळ उघडा, दोन खेकडे, एक प्लास्टिकची पिशवी. पण बोट फिरवलं तेव्हा ठिकठिकाणी चकत्या लागल्या, त्यांच्यावर नखाएवढे खुंट. वरचं सगळं वाहून गेलेलं, धरण्यापुरतं शिल्लक. पुढे पाऊस आला असेल, गढूळ लाटा आल्या असतील, नदीचं गोडं पाणी आलं असेल. पाऊस ओसरल्यावर त्याच खुंटांना फांद्या फुटल्या असणार, कारण पौषात मी आलो तेव्हा डबकं भरलेलं होतं.

कालवं काढणाऱ्या बायका उठल्या आहेत. त्यांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या, म्हणजे पाणी फिरलं. त्यांना ते आपल्याआधी कळतं. फटीतून येणारा दम आता जरा जोरात येतोय आणि मागे जाताना पूर्वीइतका मागे जात नाही. डबक्याच्या काठाची कोरडी रेघ बघा, ती ओली झाली. मघाशी निवडलेला मणी शोधा. बहुधा सापडणार नाही, जवळचा कुठलाही घ्या.

गुंता सैल होतोय. एक टोक वर उचललं जातं, पुन्हा पडतं. दुसरं उचललं जातं आणि राहतं. आडव्या फांद्या एकमेकींतून सुटत, तिरप्या होत, मणी वर, पानं त्यांच्या मागे. मघाचा चोथा आता कमरेएवढी राई झाला आहे आणि तिच्यात एक करंगळीएवढा मासा शिरलाय. ऊन आत पोचलं, पानांच्या कडा सोनेरी दिसताहेत.

पाणी तुमच्या चपलेला लागलं असेल. उठा. डावा पाय आधी बघून टाका, तिथे बुळबुळीत आहे.